डाव्या कोपऱ्यातली खाच

शंभर म्हणजे पन्नास आणि पन्नास, हे मला तिसरीतच कळलं होतं. पुढं बी.ए.च्या वर्षाला तेच सिद्ध करण्यासाठी सात महिने खेटे घातले, आणि खरं सांगायचं तर ते शेवटपर्यंत पुरतं सिद्ध झालं नाही. आता वय झालं, निम्मे दात गेले, पण कुणी नुसतं 'एलिजिबिलिटी' म्हटलं तरी माझा पारा चढतो. नात कॉलेजात नाव घालायला निघाली तेव्हा घरच्यांनी मला सोबत जाऊ दिलं नाही. म्हणाले, तुम्ही तिथल्या कारकुनाशी भांडाल. भांडलोच असतो.

आमचं घर मेंढरांचं. गाव पालमजवळचं, पण तिथं आमचा मुक्काम पावसाळ्यापुरता. दिवाळी झाली की आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं घेऊन निघायचे आणि शेतं धरत धरत पिंगळीपर्यंत जायचे. रानात मेंढरं बसवली की शेतकऱ्याला लेंडीखत मिळायचं आणि आम्हाला ज्वारी. अशा घरातून मी शाळेत कसा गेलो ते सांगत बसत नाही. एवढंच सांगतो, की पाचवीत उर्दू अक्षरं हाताला बसायला लागली आणि पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं. मग पुन्हा मराठी. मॅट्रिक होऊन हैदराबादेला कॉलेजात गेलो तर तिथं सगळं इंग्रजी. तीन भाषांत नापास व्हायची सोय सरकारनं करून ठेवली होती, तरी मी पास होत गेलो, याचा मला फार अभिमान होता.

हैदराबादेत बी.ए.च्या पहिल्या वर्षाला सगळ्यांना एक सक्तीचा पेपर असे. त्याचं नाव सामान्य शिक्षण. शंभर मार्क. कुणी फारसी घेतलेलं असो की इतिहास, वीज का चमकते, देवीची लस कशी काम करते, मतदान कसं होतं, कायदा कोण करतं, हे सगळ्यांना आलं पाहिजे अशी त्यामागची कल्पना. मला ती आवडली होती. सुट्टीत आलो तेव्हा आबांना त्यातलं थोडं सांगितलं. वारा कुठून वाहतो, ढग कसे होतात. आबा विडी ओढत ऐकत राहिले आणि म्हणाले, "मंजी आमाला म्हाईत आसतं तेच तुमाला पैसे भरून शिकिवत्यात." मी पुढं सांगायचं सोडून दिलं.

छप्पन सालच्या शेवटी आमचा मुलूख हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला. आम्ही पेढे वाटले. मी पेढा खाल्लाही. चार महिन्यांनी पहिल्या वर्षाची परीक्षा दिली, पास झालो, आणि वसतिगृहाच्या फळ्यावर चिठ्ठी लागली, की परजिल्ह्यातल्या नव्हे तर आता परराज्यातल्या झालेल्या विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती बंद. मुंबई राज्याला अर्ज केला. त्यांनी कळवलं, आमच्या राज्यात शिका, मग बघू. झालं. राज्य मिळालं आणि मी पुन्हा मेंढरांमागं. पूर्ण एक वर्ष.

अठ्ठावन्न साली मराठवाड्यासाठी नवं विद्यापीठ निघालं आणि जिल्ह्यातल्या एका नव्या कॉलेजात मला दुसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाला तात्पुरता प्रवेश मिळाला. 'तात्पुरता' हा शब्द तेव्हा मला अगदी निरुपद्रवी वाटला होता. अट एकच. हैदराबादचं पहिलं वर्ष इथं धरलं जाईल की नाही, ते पात्रता कार्यालय ठरवील. परीक्षेचा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवसापर्यंत, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या आठवड्यापर्यंत, तो निकाल यायला हवा. नाहीतर पुन्हा पहिल्या वर्षात.

माझं एक वर्ष गेलं असतं तर मी दात-ओठ खाल्ले असते आणि बसलो असतो. पण ते वर्ष माझ्या एकट्याचं नव्हतं. माझी धाकटी बहीण त्याच साली गावच्या शाळेतून सातवी झाली होती. पहिली आली होती. आमच्या शाळेत आठवी नव्हती आणि पोरीला परगावी ठेवायचं नावही घरात कुणी काढू दिलं नसतं. शिक्षण खात्याच्या साहेबांनी गावात येऊन सांगितलं होतं, की खोली तुमची आहे, पोरं आहेत, एक पदवीधर मास्तर दाखवा, पुढच्या जूनला आठवी काढून देतो. गावात पदवीच्या जवळपास पोचलेला मी एकटाच.

तिला राणीसावरगावकडून स्थळ आलं होतं. आबांनी मला समोर बसवून सांगितलं, "एक साल थांबतो. तू मास्तर झालास तर शिकंल. न्हाई झालास तर मंग मला काय बोलू नको." बहीण दाराआड उभी होती. मी निघताना माझी पिशवी हातात देत तिनं विचारलं, "दादा, एका सालात हुतंय नव्हं?"

"त्यात काय," मी म्हणालो. मूर्ख.

पात्रता कार्यालय स्टेशनजवळ सरकीच्या जुन्या गोदामात होतं. आत शिरलं की सरकीचा उग्र वास, तीन टेबलं, आणि मधल्या टेबलाशी पुण्याकडचे एक कारकून. काळी टोपी, स्वच्छ धोतर, अक्षर मोत्यासारखं. माणूस वाईट नव्हता, हे मी आता म्हणतो. तेव्हा माझ्या तोंडून त्यांच्याविषयी काय काय निघालं ते लिहिण्याजोगं नाही.

त्यांनी माझ्या गुणपत्रिकेची नक्कल पाहिली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"तुमच्याकडे सामान्य शिक्षण हा शंभर मार्कांचा एक पेपर. आमच्याकडे सामान्य विज्ञान पन्नास आणि नागरिकशास्त्र पन्नास. म्हणजे तुम्ही आमच्या दोन्ही सक्तीच्या विषयांना बसलेलाच नाहीत."

"अहो, त्या शंभरात दोन्ही होतं. अर्धं विज्ञान, अर्धं नागरिकशास्त्र."

"मग विज्ञानात किती पडले?"

"एकत्र एकसष्ट पडले."

"त्यातले विज्ञानाचे किती?"

"ते वेगळे देत नाहीत."

"मग कसं कळायचं? समजा, एकसष्टातले पन्नास विज्ञानाचे असले, तर नागरिकशास्त्रात उरले अकरा. म्हणजे तुम्ही नापास."

"आणि समजा, तीस आणि एकतीस असले तर?"

"असं समजून चालत नाही," ते शांतपणे म्हणाले.

"आत्ता तुम्हीच समजा म्हणालात!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही वावगं बोललो होतो. मग कागदावर मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'समकक्षता समितीकडे'. समिती कधी बसणार, विचारलं. म्हणाले, सदस्य नेमले की. सदस्य कधी नेमणार? म्हणाले, ते समिती ठरवील. मी कपाळाला हात लावून बाहेर आलो.

पावसाळा गेला. दर पंधरा दिवसांनी मी गोदामात जायचो. एकदा समितीला हैदराबादचा अभ्यासक्रम हवा होता. मी एका जुन्या मित्राकडून टपालानं मागवून दिला. तर त्यावर तिथल्या विद्यापीठाचा शिक्का नव्हता. परत पाठवला, शिक्का मारून आणवला, तर आता समितीला तो मराठीत हवा होता. मी स्वतः बसून त्याचं मराठी केलं. वीज का चमकते, देवीची लस, मतदान. ते भाषांतर पाहून कारकून म्हणाले, "छान केलंत. पण हे तुम्हीच केलं, म्हणजे हितसंबंध आला." त्यांनी ते ठेवून मात्र घेतलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण दारात पुढचा मुलगा उभा होता, तोही हैदराबादहून आलेला, त्याच्या हातातही तोच अभ्यासक्रम. मी त्याला सांगितलं, "बाबा, आधी शिक्का मार, मग मराठी कर, आणि मराठी दुसऱ्या कुणाकडून करून घे." एवढं ज्ञान मला त्या कार्यालयानं दिलं.

दिवाळी झाल्यावर निरोप आला, की समिती बसली आहे, मूळ गुणपत्रिका दाखल करा. नक्कल चालणार नाही.

मूळ गुणपत्रिका आबांकडे होती. आमच्या घराला कपाट नव्हतं, आणि वर्षातले आठ महिने घरच नव्हतं. म्हणून महत्त्वाचे कागद आबा एका पत्र्याच्या नळकांड्यात ठेवायचे. झाकण गच्च बसायचं, पाऊस लागत नसे. ते नळकांडं मेंढरांबरोबर घोड्यावर फिरायचं. तेव्हा त्यांचा मुक्काम पिंगळीच्या शिवारात होता. मी स्टेशनवर उतरून रानात गेलो. मी कशाला आलोय ते ऐकून आबांनी मला आधी भाकरी वाढली. जेवण झाल्यावर मी गाडीची वेळ बघायला स्टेशनकडे चक्कर मारून आलो, तोवर नळकांडं तयार होतं. आबांच्या चेहऱ्यावर काहीतरी मोठं काम उरकल्याचं समाधान होतं. मी उघडून पाहिलं नाही. घाई होती.

दुसऱ्या दिवशी कारकुनांनी झाकण काढलं, कागद टेबलावर पसरला, कडेला दौत ठेवली आणि थांबले.

"हे काय?"

कागदाच्या डाव्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढी तिकोनी खाच होती. स्वच्छ कापलेली. फाटलेली नव्हे, उंदरानं कुरतडलेली नव्हे. लोकर कातरायच्या कातरीनं एका फटक्यात काढलेली.

मला क्षणात कळलं. आमच्याकडं कोकरू महिन्याचं झालं की त्याच्या कानाला घराची खूण करतात. प्रत्येक घराची वेगळी. कुणाची उजव्या कानाला चीर, कुणाचं टोक उडवलेलं. आमची डाव्या कानाला, खालच्या बाजूला, तिकोनी खाच. पाण्यावर चार कळप एकत्र आले की मेंढरं मिसळतात, मग ती वेगळी काढताना चेहरा बघायचा नसतो. मेंढरू पायाशी घासून जातं तेव्हा कानावरून बोट फिरवायचं. खाच लागली तर आपलं. मी शाळेत जायच्या आधीपासून हे काम करत होतो.

आबांनी माझ्या गुणपत्रिकेला आमच्या घराची खूण केली होती.

हे मी कारकुनांना कसं सांगणार? मी म्हणालो, "कापलं गेलं."

"कापलेली मूळ प्रत आम्ही ग्राह्य धरत नाही. मजकूर शाबूत आहे, हे खरं. पण मूळ कागदाशी छेडछाड झालेली दिसते. हा हैदराबादला पडताळणीसाठी जाईल. तिकडून खात्री होऊन आला तर बघू."

"किती दिवस लागतील?"

"ते तिकडचं आहे."

मी गोदामातून निघालो तो थेट पिंगळीला. आबा बाभळीखाली बसून एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. बहीण गावाहून मुक्कामावर आलेली होती, ती चुलीपाशी होती. मी पोचलो आणि काही न विचारता ओरडायलाच लागलो.

"आबा, तुमी कागदाला कातर लावली?"

"लावली की," ते म्हणाले. अजून समाधानातच. "हापीसात लय कागद आसतेत. सगळे सारखेच. मिसळला मंजी कसा वळखावा? म्हनून म्या खून केली. आता कुठं बी जाऊ दे, हरवत न्हाई."

"कागद म्हंजी मेंढरू हाय का? बाद केला त्यांनी! माझं सगळं वर्ष बाद केलं तुमी! अडाणी ते अडाणीच!"

शेवटचा शब्द तोंडातून निघाला आणि रान एकदम गप्प झालं. म्हणजे मेंढरं ओरडतच असतील, पण मला तसं वाटलं. आबांनी मेंढीचा पाय खाली सोडला. कातर कमरेला होती, तिच्यावर त्यांचा हात गेला आणि तिथंच राहिला. "मला काय म्हाईत बाबा," एवढंच ते म्हणाले, आणि उठून कळपाच्या पलीकडच्या बाजूला गेले. बहिणीनं माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही. मी पाणी न पिता तसाच निघालो, आणि स्टेशनपर्यंतच्या वाटेवर माझा राग कुणावर आहे तेही मला कळेनासं झालं.

पुढचे दोन महिने मी पत्रं लिहिली. हैदराबादला चार लिहिली. तीन आठवड्यांनी एक उत्तर आलं, की आपला जिल्हा आता आमच्या कक्षेत येत नसल्यानं आपण आपल्या विद्यापीठामार्फत विचारणा करावी. आपल्या विद्यापीठामार्फत विचारणा करायला गेलो तर कारकून म्हणाले, विचारणा केलेलीच आहे, दोनदा करता येत नाही. मग हैदराबादहून आणखी एक कार्ड आलं. पडताळणी झालेले सर्व कागद रेल्वेनं रवाना केले आहेत. कार्ड घेऊन धावत गोदामात गेलो. कारकून म्हणाले, "हो, पोती आली आहेत. पण यादी आलेली नाही. यादीशिवाय पोती उघडता येत नाहीत."

"यादी पोत्यातच असेल तर?"

त्यांनी थोडा विचार केला. मी आशेनं बघत राहिलो. "तसं असेल," ते म्हणाले, "तर ते पोतं उघडल्यावरच कळेल."

त्या दिवशी मी गोदामाच्या पायरीवर बसून खरंच रडलो. वय वर्षं तेवीस, अंगात कॉलेजचा कोट, आणि सरकीच्या वासात बसून रडतोय. कारकून बाहेर आले, माझ्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "पहिल्या वर्षात बसा. एका वर्षाचा काय तो प्रश्न." त्यांच्या दृष्टीनं तो दिलासा होता. मी त्यांना बहिणीचं सांगितलं नाही. सांगून काय, त्या कागदावर बहिणीसाठी रकाना नव्हता.

राणीसावरगावची माणसं संक्रांतीला येणार होती, हे मला पालमहून आलेल्या एका गाववाल्यानं सांगितलं. आबांनी निरोप धाडला नव्हता. त्या दिवसानंतर आबांनी मला कसलाच निरोप धाडला नव्हता.

फॉर्मचा शेवटचा दिवस उजाडला. मी गोदामात गेलो तर कारकून जागेवर नव्हते, आणि मागच्या अंगणात उन्हात सतरंज्यांवर कागदांच्या थप्प्याच थप्प्या. त्यांच्यामध्ये कार्यालयाचे म्हातारे दफ्तरी उकिडवे बसलेले. निजामाच्या काळात तहसिलीत फायली शिवायचे, आता इथं शिवायचे. राज्यं बदलली होती, त्यांची सुई तीच होती.

"दीमक लग गई मियाँ," ते म्हणाले. "पोत्याँ खोलना पडा. धूप दिखा रऊँ."

यादीनं जे केलं नाही ते वाळवीनं केलं होतं. मी विचारलं, "चाचा, मी शोधू?"

त्यांनी सगळ्या अंगणावरून नजर फिरवली. शेकडो गुणपत्रिका, एकाच आकाराच्या, एकाच रंगाच्या, कसलाही क्रम नसलेल्या. "ढूँड लेव. शाम हो जाती, मिलता नइं."

मी पहिल्या थप्पीशी बसलो. दोन कागद उलटले, नावं वाचली, तिसरा उलटला. आणि मग माझा हात थांबला. नावं वाचायची गरजच नव्हती. मी थप्पी दोन्ही हातांनी उभी केली, कडा ठोकून सारख्या केल्या आणि डाव्या खालच्या कोपऱ्यावरून अंगठा खाली ओढत नेला. गुळगुळीत. दुसरी थप्पी. गुळगुळीत. तिसरी, चौथी. नवव्या थप्पीत अंगठा खाचेत अडकला.

डोळ्यांनी बघायच्या आधी मला कळलं होतं. तो कागद ओढून काढला. माझं नाव, एकसष्ट मार्क, मागं टाचणीनं लावलेली चिठ्ठी, की कोपरा कापलेला असला तरी नोंदी आमच्या रजिस्टराप्रमाणे बरोबर आहेत. शिक्का. सही. मी तो कागद धरून तिथंच बसून राहिलो. दफ्तरी म्हणाले, "इत्ते में मिल गया?" मी त्यांना कोपऱ्यातली खाच दाखवली.

कारकून चहा पिऊन आले. कागद पाहिला, चिठ्ठी पाहिली, मग समितीचा निर्णय काढून वाचला. समितीनं माझं सामान्य शिक्षण समकक्ष मानलं होतं. पण निम्मं. शंभरापैकी सामान्य विज्ञानाचे पन्नास धरले, नागरिकशास्त्राचे धरले नाहीत, कारण हैदराबादचं नागरिकशास्त्र हे हैदराबाद राज्याचं होतं आणि ते राज्य आता अस्तित्वात नाही. तेव्हा शेवटच्या वर्षाबरोबर नागरिकशास्त्राचा पन्नासाचा पेपर वेगळा द्यावा.

"म्हणजे फॉर्म भरता येतो?"

"भरता येतो."

मी भरला. भांडलो नाही. भांडायला माझ्या अंगात काही उरलंच नव्हतं. मार्चमध्ये नागरिकशास्त्राच्या पेपरात प्रश्न आला होता, 'शासनयंत्रणा नागरिकाला कशी साहाय्य करते, सोदाहरण लिहा.' मी चार पानं लिहिली. एकही शब्द खरा नव्हता. चांगले मार्क पडले.

पण त्या आधी, फॉर्म भरला त्याच दिवशी, मी दुपारच्या गाडीनं पिंगळीला गेलो. आबा कळपाच्या कडेला काठी टेकून उभे होते. मी जवळ गेलो. काय बोलायचं ते गाडीत दहा वेळा ठरवलं होतं, आणि समोर गेल्यावर सगळं विसरलो.

"आबा, कागद सापडला. शेकड्यांनी कागद होते. खाचेवरून सापडला."

त्यांनी कळपावरची नजर काढली नाही. "मंग? खून कशापायी करतेत?"

"मी तुमाला नको ते बोललो."

"बोललास," ते म्हणाले. मग काठीनं बाभळीकडं दाखवलं. "भाकर खा. तुझी भईन आली हाय. तिला सांग, पाव्हने यायचे न्हाईत म्हनून."

मी सांगितलं. ती चुलीतला जाळ पुढं सारत होती. तिनं ऐकलं, मान हलवली आणि जाळ पुढं सारतच राहिली, भाकरी करपून गेली तरी.

जूनमध्ये निकाल लागला आणि गावच्या शाळेत आठवी निघाली. मी मास्तर. सात पोरं, दोन पोरी, एक खोली, एक फळा. मी फार तापट मास्तर होतो, हे आजही गावात सांगतात. बहिणीवर तर सगळ्यांत जास्त ओरडायचो. तिला माझी बिलकूल भीती वाटत नसे, यानं आणखी चिडायचो.

साठच्या उन्हाळ्यात आठवीचा पहिला निकाल लागला. निकालपत्रकं छापून आलेली नव्हती. मागवली होती, पण अजून वाटेतच होती, आणि कुणाच्या तरी मंजुरीत अडकली होती. तेव्हा मी जाड कागद आणून, रेघा मारून, सगळी स्वतःच्या हातानं लिहिली. बहीण पहिली आली. ती आपलं पत्रक घेऊन घरी आली आणि आबांच्या हातात दिलं. आबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद सरळ धरला, उलटा धरला, कडेवरून बोट फिरवलं. मग सवयीनं कमरेची कातर काढली. पातं कागदाच्या डाव्या कोपऱ्याशी आणलं आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. कातर मिटली.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "हापीसात चालत न्हाई."

मी म्हणालो, "आबा, हितलं हापीस मीच हाय. कापा."